आजोबांचा मर्फी परत गायला लागला: पुण्यातल्या एका व्हॉल्व्ह रेडिओवाल्या काकांकडचा अनुभव

व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला) जुना रेडिओ पुण्यात अजून कोणी नीट करून देतं का, असं गेल्या वर्षभरात मला निदान चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय. लांबलंय हे माहितीये. पैसे, वेळ, काय न्यायचं, काय नाही ते सगळं शेवटी टाकलंय, घाईत असाल तर तिकडेच जा.

दुकानाचं नाव देत नाहीये. काका सत्तरीच्या पुढचे आहेत, एकटेच काम करतात, रॅकवर आधीच वीस-बावीस सेट नंबर लावून पडलेत, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की ताई नाव छापू नका, ज्याला मनापासून करायचंय तो विचारत विचारत येतो. तपकीर गल्लीत जुन्या पार्टवाल्यांकडे चौकशी केली की कळतं. मला तसंच कळलं.

सेट आमच्या आजोबांचा. मर्फी, लाकडी कॅबिनेट, पुढे सोनेरी जाळीचं कापड आणि हिरवा मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा दिवा. आजोबा मिरजेला शाळेत गणित शिकवायचे, घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, आणि हा रेडिओ त्यांनी हप्त्यानं घेतला होता. मिरजेत वाढलेल्या माणसाच्या कानाला एक सवय लागते, दिवसभर कुठेतरी कोणीतरी तार छेडून बघत असतं, भोपळा तासत असतं, जवारी लावत असतं, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून तारेचा नाद खुलवत असतं. आमच्या घरी त्यात रेडिओची भर. सकाळी सांगली, रात्री धारवाड, शनिवारी दिल्लीवरून येणारी नॅशनल प्रोग्रॅमची मैफल. आजोबा गेल्यावर रेडिओ बाबांकडे आला, बाबांनी पुण्याला आणला, आणि नव्वदच्या दशकात कधीतरी तो मुका झाला.

मध्ये एकदा एका दुकानात दिला होता (कुठलं ते सांगत नाही, काही उपयोग नाही सांगून). त्यांनी आठ दिवसांत "चालू" करून दिला. चालू म्हणजे काय, तर आवाज येत होता पण त्यामागे सतत घूंऽऽ असा गुंजारव, आणि गायकाचा आवाज डब्यात बसून गायल्यासारखा. दोन महिन्यांत जळका वास आला, बंद केला. नंतर काकांनी उघडून दाखवलं, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरला आवाज पोचवणारा) दुसऱ्याच कुठल्यातरी सेटचा बसवला होता आणि फिल्टर कंडेन्सर (विजेतला गुंजारव गाळणारा) जुनाच ठेवला होता. काका त्यावर फार काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले आणि झाकण लावलं.

काकांचं दुकान म्हणजे एका वाड्याच्या तळमजल्यावरची दहा बाय आठची खोली. वर्कबेंच, त्यावर सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, एक सिग्नल जनरेटर (तपासण्यासाठी स्टेशनसारखी लहर सोडणारं यंत्र), आणि भिंतीवर शेजारी शेजारी दोन फोटो. एक जगदीशचंद्र बोसांचा. दुसरा, मी दारातच थांबले बघून, मिरजेत राहून गेलेले मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांचा. मिरजेत खाँसाहेबांचा फोटो न्हाव्याच्या दुकानातसुद्धा दिसेल, पण पुण्यात रेडिओ रिपेअरच्या खोलीत? मी म्हटलं, काका, मी मिरजेची. ते म्हणाले, "मग तुम्हाला जवारी म्हणजे काय ते सांगायला नको. काम सोपं झालं." तेव्हा कळलं नाही कसं काय सोपं झालं ते.

आधी त्या दोन फोटोंचं सांगते, कारण काकांच्या कामाची पद्धत तिथूनच येते असं माझं मत झालंय. बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून लांबवर घंटा वाजवून दाखवली होती, आणि गॅलिना नावाच्या खनिजाच्या स्फटिकाचा डिटेक्टर करून १९०४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं. पेटंट घ्यायची त्यांना स्वतःला फारशी हौस नव्हती. खाँसाहेबांचं म्हणाल तर गाण्यापलीकडची एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल म्हणून डेप्युटी कलेक्टर होते, त्यांनी बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक बारीक स्वर, मोजायचं काम हाती घेतलं होतं, आणि त्या मोजमापासाठी स्वर लावून दाखवायला खाँसाहेब बसले. म्हणजे एवढा मोठा गवई, आणि एक माणूस तारेची लांबी मोजतोय, आकडे लिहितोय, आणि हे पुन्हा पुन्हा तोच स्वर लावून देतायत. देवलांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. काका म्हणाले, एक शास्त्रज्ञ लहर पकडत होता, एक गवई लहर मोजू देत होता, दोघं एकाच काळात, मग वेगळ्या भिंतीवर कशाला लावायचे?

तर काम. पहिल्या दिवशी त्यांनी सेट प्लगला लावलाच नाही. मागचा पुठ्ठा काढला, ब्रशनं धूळ झाडली, एकेक व्हॉल्व्ह हातात घेऊन त्यावरचे नंबर वाचले, ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०. मग मला म्हणाले, एक महिना तरी विचारू नका. तीन महिने लागले. मधे मी चार वेळा गेले, फोनवर काका फार बोलत नाहीत, पण समोर गेलं की चहा मागवतात आणि शिकवायला लागतात. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात उत्तम शिकवणी होती असं मी अगदी मनापासून म्हणेन.

सगळ्यात महत्त्वाचं काय शिकवलं ते सांगते. मी विचारलं की हवेत एवढी स्टेशनं एकाच वेळी येतायत, मग हा डबा नेमकं पुणेच कसं उचलतो? काका म्हणाले, तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा तुम्ही जुळवताना काय ऐकता? मी म्हटलं, जुळत नसल्या की आवाज हेलकावे खातो, लाटा येतात, जुळत आल्या की लाटा संथ होतात आणि मग विरून जातात. "झालं," म्हणाले, "तेच तुमच्या रेडिओत आहे." पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर येतं. सेटच्या आतला ऑसिलेटर त्याच वेळी स्वतःची एक लहर तयार करतो, १२४७ ची. दोन्ही एकत्र आल्या की त्यांच्यातला फरक उरतो, ४५५. तुम्ही सांगलीला काटा नेलात, १२५१ ला, तर ऑसिलेटर १७०६ वर सरकतो, फरक पुन्हा ४५५. म्हणजे स्टेशन कुठलंही लावा, पुढचं सगळं काम एकाच ठरलेल्या पट्टीत. गवई कुठल्याही गावचा असो, घरात आला की आमच्या पट्टीत गाणार, असं काकांचं वाक्य. दोन लहरींच्या फरकाची ही कल्पना मुळात रेजिनाल्ड फेसेंडेन या कॅनडातल्या माणसाची, आणि तिच्यावरून पूर्ण रेडिओ उभा केला तो एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकनानं, १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात पॅरिसला सैन्यात असताना. आज तुमच्या गाडीतला एफएमसुद्धा त्याच तत्त्वावर चालतो.

मला हे ऐकून गप्प व्हायला झालं. लहानपणी गल्लीतले कारागीर दोन तारा जुळवताना कान लावून बसायचे ते मी हजार वेळा बघितलंय, आणि तीच लाट आमच्याच घरात, कपाटावरच्या डब्यात, माझ्या डोक्यावर चालू होती आणि मला पन्नास वर्षं पत्ता नव्हता.

आर्मस्ट्राँगबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. या माणसानं सुपरहेट, म्हणजे वर सांगितलेला तो फरकावर चालणारा रेडिओ, दिला, नंतर १९३३ मध्ये एफएमची पेटंटं घेतली, खरखर नसलेला स्वच्छ आवाज जगाला दिला, आणि मग उरलेलं आयुष्य कंपन्यांशी कोर्टात भांडण्यात गेलं. पैसे संपले, संसार मोडायला आला, आणि ३१ जानेवारी १९५४ ला न्यूयॉर्कमधल्या राहत्या घराच्या खिडकीतून त्यानं उडी टाकली. त्याच्या बायकोनं, मॅरियननं, खटले सोडले नाहीत, एकेक करत ती सगळे जिंकली, शेवटचा निकाल लागायला १९६७ साल उजाडलं. आपण गाणं ऐकतो, गवयाला नमस्कार करतो, तबलजीचं नाव विचारतो, पण ज्यानं तो आवाज आपल्या घरात आणून सोडला त्याचं नाव आपल्याला कोणी शाळेतसुद्धा सांगत नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं. आता रेडिओ लावताना मी आजोबांबरोबर त्याचीही आठवण काढते.

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे सेट त्या ४५५ च्या पट्टीला जुळवायचं काम, चालू होतं. आयएफटी म्हणून छोटे अॅल्युमिनियमचे डबे असतात, त्यातले स्क्रू प्लास्टिकच्या पात्यानं केसाएवढे फिरवायचे. सिग्नल जनरेटर, मीटर सगळं लावलं, काटा जास्तीत जास्त वर आला. मी समजले झालं. काकांनी जनरेटर काढला, एरियल लावली, आकाशवाणी लावलं, आणि डोळे मिटून बसले. कोणीतरी बाई यमन गात होत्या. मग काकांनी एक स्क्रू अगदी किंचित मागे घेतला. मीटरच्या हिशोबानं ही चूक, काटा थोडा खाली आला. पण आवाज रुंद झाला, तानपुरा मागे पसरला. काका म्हणाले, मीटरवर टोक गाठलं की वरचे स्वर कापले जातात, मिडियम वेव्हला मुळातच वरची बाजू कमी, त्यात आपण अजून कशाला कापायची. मिरजेत जवारी लावताना घोडी अशीच घासतात, एक हात जास्त फिरला की तार बोथट होते. तेव्हा कळलं काम सोपं झालं म्हणजे काय, मला समजावून सांगायचे त्यांचे कष्ट वाचले होते.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. जुन्या रेडिओचा आवाज गोड असतो असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण काका स्वतः म्हणाले की तो आवाज "खरा" नाही, तुमच्या मोबाइलवर साधा हेडफोन लावलात तरी तानपुऱ्याचे बारीक स्वर यापेक्षा जास्त ऐकू येतील. मोठा स्पीकर, लाकडाचं खोकं आणि व्हॉल्व्ह यांनी खर्ज आणि मधला आवाज भरून येतो, म्हणून भीमसेनांसारखा आवाज यावर उभा राहतो आणि बारीक सतार जरा अंधारात जाते. ऐकणाऱ्यानं ठरवावं. मी ठरवलंय.

घरी आणला तो दिवस. काकांनी बजावलं होतं की चालू केल्यावर मिनिटभर थांबा, व्हॉल्व्ह तापू द्या. आईला बाहेर बोलावलं नव्हतं, तिचं वय झालंय, उगाच आशा लावायची नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून एकटीनंच लावला. मॅजिक आय हळूहळू हिरवा झाला आणि आकाशवाणीची ती धून आली, व्हायोलिनची. आई आतून आली, केस सुटलेले, आणि मला विचारते, "दूध आलं का गं?" मिरजेला ती धून आणि दूधवाला एकाच वेळी यायचे. मग तिला उमगलं आणि ती कॅबिनेटवर हात ठेवून उभी राहिली. मी काही बोलले नाही.

ती धून कोणाची हे मला आत्ता आत्ता कळलं, तेही काकांकडून. वॉल्टर कौफमन. हिटलरच्या भीतीनं युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत उतरलेला ज्यू संगीतकार. आपल्या गाण्याच्या रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला काहीच कळलं नाही, पण इतक्या लोकांना जे आवडतं त्यात काहीतरी असणारच, दोष माझ्या कानाचा, असं म्हणून तो शिकायला बसला. नंतर मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. शिवरंजनीची छाया असलेली ती धून त्याची, आणि व्हायोलिन मेहली मेहतांचं असं सांगतात, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. परक्या देशातून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या सुरावर आपण तीन पिढ्या पहाटे उठलो.

आता रोजचं सांगते, कारण रिव्ह्यू म्हणजे महिनाभरानंतर वस्तू कशी वाटते ते. (मी सात महिने वापरून लिहितेय.)

मिडियम वेव्हवर पुणे दिवसभर स्वच्छ, मुंबईही येतं. रात्री लांबची स्टेशनं डोकावतात. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर भयंकर खरखर करतात, हे कोणीच सांगत नाही, ते बंद केले की रेडिओ एकदम मोकळा होतो. काकांनी गॅलरीत दहा मीटर तांब्याची तार बांधायला लावली आणि वेगळी अर्थिंग घ्यायला सांगितली, त्यानं निम्मा त्रास गेला. शॉर्टवेव्हवर आता फारसं काही उरलेलं नाही, त्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

आणि बाकीच्या वेळेसाठी काकांनी मागे एक सॉकेट काढून दिलं, त्यात मोबाइल जोडता येतो. मूळ वायरिंगला हात न लावता. मी त्यावर आकाशवाणीची रागम वाहिनी लावते, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, चोवीस तास फक्त शास्त्रीय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, अॅपवर फुकट. ज्यांना माहिती नसेल त्यांनी आजच लावा. जुनी ध्वनिमुद्रणं येतात तेव्हा निवेदक नाव सांगतो आणि मी हातातलं काम ठेवते. परवा संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर लागले. अण्णा धारवाड केंद्रावर सल्लागार होते, आणि आजोबा काटा धारवाडला, ७६५ ला, नेऊन ठेवायचे तेव्हा डायलवर पेन्सिलनं एक बारीक खूण केली होती, ती अजून आहे. काकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की काच पुसताना तेवढी खूण पुसू नका, त्यांनी पुसली नाही.

हे सगळे गवई आपल्या घरात कसे आले याचा मी या सात महिन्यांत बराच विचार केला. पुण्याचा आणि रेडिओचा संबंध फार जुना आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियानं पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीनं मुंबईहून संगीताचा कार्यक्रम हवेत सोडला, आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी तो इथे पुण्यात बसून ऐकला. दोन वर्षांनी मुंबईच्या रेडिओ क्लबनं कार्यक्रम सुरू केले. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं, दीड किलोवॅटचा ट्रान्समीटर, पन्नासेक किलोमीटरपलीकडे भरवसा नाही, आणि तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली म्हणून रेडिओ टिकला. हौशी लोकांनी पदरमोड करून चालवलेली ही सुरुवात होती, हे मनात ठेवलं पाहिजे.

गवयांना मात्र रेडिओ सोपा गेला नाही. समोर श्रोता नाही, दाद नाही, लाल दिवा लागला की सुरू आणि घड्याळ सांगेल तेव्हा बंद. केसरबाई केरकर रेडिओपासून लांबच राहिल्या. आणि त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत अवकाशात गेली, ते यान आजही पृथ्वीशी बोलतं ते जेमतेम तेवीस वॅटच्या रेडिओवर, आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी ताकदीवर. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आयर्न खाली ठेवलं आणि बराच वेळ बोसांच्या फोटोकडे बघत बसले.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं तर रेडिओशी सरळ भांडणच झालं. मुंबई केंद्रावर त्यांनी वंदे मातरम् सुरू केलं तर केंद्राचे डायरेक्टर बुखारी यांनी प्रक्षेपण मधेच बंद करवलं, मास्टर उठून निघून आले आणि बहिष्कार घातला तो थेट स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो आणि बुखारींचा रागही येतो, जरी रेडिओ उभा करण्यात त्या माणसाचा वाटा मोठा होता. हार्मोनियमचंही तेच, १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर तिला मज्जाव. तेव्हाचे ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख लायनेल फील्डन यांच्या काळात झालेला निर्णय, कारण तिच्या बांधलेल्या स्वरांत आपल्या श्रुती बसत नाहीत. देवल आणि खाँसाहेबांनी जे मोजलं होतं त्यावरून पाहिलं तर मुद्दा बरोबरच होता, पण बंदी घालून किती चांगल्या पेटीवाल्यांची कुचंबणा झाली याचा हिशोब कोणी ठेवला? मला ती बंदी पटत नाही.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांबद्दल माझं मत मात्र या काळात बदललं. ते १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, सिनेमातली गाणी त्यांनी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केली, लोक रेडिओ सिलोनकडे पळाले, शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. लहानपणी घरात त्यांचं नाव निघालं की आत्या नाक मुरडायची. ऑडिशनच्या पद्धतीनंही मोठमोठे कलावंत दुखावले, पन्नाशीच्या बुवांना परीक्षेला बसवायचं म्हणजे काय! पण दुसरी बाजू बघा. आमच्या मिरजेचंच घ्या, संस्थान होतं, पटवर्धन सरकारांचा आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर शिकले ते मिरजेत. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली. तो आश्रय गेला. त्याच सुमारास हातात चेक देणारं, गाडीभाडं देणारं, वर्षातून ठरावीक वेळा गायला बोलावणारं एक दार उघडं होतं ते रेडिओचं. २० जुलै १९५२ ला नॅशनल प्रोग्रॅम सुरू झाला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन. रविशंकर दिल्ली केंद्रावर वाद्यवृंद बसवत होते, सारंगीवाले रामनारायण रेडिओच्या नोकरीतूनच पुढे आले, मुंबईत तरुण भीमसेन रेडिओवर गात होते. मिरजेतच जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या धाकट्या बहीण सरस्वतीबाई राणे यांचा आवाज घराघरात गेला, सरस्वतीबाई तर १९३३ पासून पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ रेडिओवर गायल्या. बायकांनी मैफलीत बसून गाणं ज्या घरांत चालत नव्हतं, त्याच घरांत त्या बहिणींची जुगलबंदी देवघराशेजारच्या खोलीत चालायची. आमच्या पणजीनं आयुष्यात एकही मैफल बघितली नाही. पण तिला मारवा आणि पूरिया वेगळे ओळखता यायचे. हे रेडिओनं केलं. केसकरांचा हट्ट सगळा बरोबर नसेल, पण त्या माणसाला गाण्याची खरी चाड होती आणि पणजीच्या कानापर्यंत गाणं पोचलं त्यात त्यांचा हात आहे.

बरं, आता कामाचं.

खर्च मला एकूण ६,८०० रुपये आला. त्यात सगळे पेपर कंडेन्सर आणि फिल्टर कंडेन्सर नवे, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर काकांनी स्वतः वळवून दिला, एक व्हॉल्व्ह बदलला, डायलची दोरी नवी, स्पीकरचा कोन एका जागी फाटला होता तो चिकटवला, आणि कॅबिनेट फक्त पुसून मेण लावलं, पॉलिश करायला काकांनी नकार दिला. म्हणाले लाकडाचं वय दिसू दे. मला आधी पटलं नव्हतं, आता बरं वाटतं. ॲडव्हान्स हजार रुपये, बाकी काम झाल्यावर, फक्त कॅश. जुने काढलेले पार्ट एका पिशवीत घालून परत दिले, हे मला फार आवडलं.

उणं काय? वेळ. महिना म्हणाले आणि तीन लागले, मधे स्वतःहून फोन नाही. पावती साध्या कागदावर. मॅजिक आय जरा फिका आहे, नवा मिळत नाही म्हणाले, आणि बदली म्हणून मिळेल तो बसवायला ते तयार नाहीत. दोन महिन्यांनी आवाजाचं बटण खरखरायला लागलं होतं, मी घेऊन गेले, काकांनी समोर बसून साफ करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुम्हाला शोपीस हवा असेल किंवा दिवाळीच्या आधी भेट द्यायची घाई असेल तर यांच्याकडे जाऊ नका, तुमची आणि त्यांची दोघांची चिडचिड होईल. घरात म्हातारं माणूस असेल ज्यानं तो रेडिओ ऐकलाय, तर नक्की जा आणि लवकर जा.

जाताना सकाळी अकरा ते एक जा, दुपारी ते झोपतात, गुरुवारी बंद. गप्पांना वेळ ठेवून जा.

आणि माळ्यावरून रेडिओ काढलात तर कितीही मोह झाला तरी घरी प्लगला लावून बघू नका. वर्षानुवर्षं बंद पडलेला कंडेन्सर पहिल्याच झटक्यात फुटू शकतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाऊ शकतो. सुटलेली बटणं, तुटकी काच, व्हॉल्व्हचे तुकडे जे काही सापडेल ते सगळं डब्यात भरून न्या. मागचा पुठ्ठा भंगारात देऊ नका, आतल्या बाजूला बहुतेक वेळा सर्किटचा कागद चिकटवलेला असतो. आमच्या पुठ्ठ्यावर त्या कागदाखाली आजोबांच्या अक्षरात व्हॉल्व्ह बदलल्याच्या तारखा निघाल्या, काकांनी त्याच्याखाली त्यांची तारीख घातलीये.